घरचा ओव्हन : विजेचा हिशेब आणि मेहनतीचा हिशेब

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की नानखटाईच्या ऑर्डरी सुरू होतात. पूर्वी मोहल्ल्यातील लोक मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जात आणि भट्टीवाला किलोमागे मजुरी घेऊन माल भाजून देई. अनेक गावांत ही पद्धत आजही टिकून आहे. परंतु भट्टीचा धंदाही बदलत आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड व कोळशावरील भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. इंधन बदलले की भाजण्याच्या मजुरीचा दरही बदलतो. दुसरीकडे घरच्या ओव्हनवर केक, बिस्किटे, नानखटाई करून संसाराला हातभार लावणाऱ्या आमच्या भगिनी आहेत. ओव्हन घ्यावा की नाही आणि घेतला तर तो परवडतो का, हा प्रश्न अशा घरांपुढे येतोच. त्याचे उत्तर आम्ही येथे आकड्यांत मांडत आहोत.

कोणता ओव्हन कशासाठी?

दुकानात 'ओव्हन' या एकाच नावाखाली तीन-चार वेगळी यंत्रे मिळतात. साधा मायक्रोवेव्ह पदार्थातील पाण्याचा अंश तापवतो. शिळे अन्न गरम करण्यास तो उत्तम, पण नानखटाईला रंग आणि खुसखुशीतपणा त्यात येत नाही. त्याच्यावर लिहिलेले ९०० वॅट ही पदार्थाला मिळणारी शक्ती असते. मीटरवर तो साधारण १३०० ते १४०० वॅट ओढतो, हेही लक्षात ठेवावे.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये गरम हवेवर भाजता येते. मात्र त्याची थाळी गोल फिरत असल्याने चौकोनी ट्रे बसत नाही व माल कमी निघतो. एअर फ्रायर म्हणजे पंख्याचा छोटा ओव्हनच. घरच्या कबाब-समोशांना तो ठीक, ऑर्डरीच्या कामाला अपुरा.

भाजून विकायचे असेल तर ओटीजी हेच यंत्र पाहावे. वर-खाली तापणारे रॉड, थर्मोस्टॅट आणि चौकोनी ट्रे, एवढाच त्याचा कारभार असतो.

वीज किती लागते?

हजार वॅटचे यंत्र तासभर सलग चालले की एक युनिट होते. या हिशेबाने १६०० वॅटचा ओटीजी तासाला १.६ युनिट खाईल असे वाटते, पण तसे होत नाही. आतील उष्णता ठरलेल्या अंशावर पोचली की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो व उष्णता उतरली की पुन्हा चालू करतो. त्यामुळे एकदा तापल्यावर रॉड साधारण निम्मा वेळच जळतात, असे धरून चालू.

आता उदाहरण घेऊ. सुमारे ३० लिटरच्या ओव्हनमध्ये एका ट्रेला अर्धा किलो नानखटाई बसते. सुरुवातीला ओव्हन तापवण्यास १२ मिनिटे, म्हणजे ०.३२ युनिट. प्रत्येक ट्रेला २० मिनिटे, म्हणजे सुमारे ०.२७ युनिट. चार किलोचे आठ ट्रे एकामागून एक भाजले तर अडीच युनिटांच्या आसपास वीज जाते. दार उघडताना उष्णता वाया जाते, म्हणून तीन युनिट धरू. युनिटचा दर १२ रुपये मानला तर एकूण ३६ रुपये, म्हणजे किलोमागे ९ रुपये होतात. एकच ट्रे भाजून ओव्हन बंद केला तर हाच खर्च किलोमागे १४ रुपयांवर जातो. म्हणून ऑर्डरी एका दिवशी गोळा करून भाजाव्यात.

दर कोणता धरावा?

येथे पुष्कळांची फसगत होते. महिन्याचे बिल युनिटांनी भागून आलेला सरासरी दर ओव्हनला लावू नये. घरगुती वीज टप्प्यांनी महाग होत जाते. पंखे, दिवे आणि फ्रिज यांनीच १०० युनिटे ओलांडली असतील तर ओव्हनचे प्रत्येक युनिट १०१ ते ३०० च्या महाग टप्प्यात पडते. आपल्या बिलावर त्या टप्प्याचा दर पाहावा, त्यात वहन आकार व वीज शुल्क मिळवावे आणि तोच दर धरावा.

घरी धंदा केला की घरगुती दर जातो अशी भीतीही अनेकांना वाटते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या दर आदेशात, राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांना महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांपर्यंत घरगुती दर लावण्याची तरतूद होती. सध्याच्या आदेशातील अट वीज कार्यालयात विचारून घ्यावी.

गॅसच्या ओव्हनबाबत एक इशारा. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे नियमबाह्य आहे. गॅसवर भाजायचे तर व्यावसायिक सिलिंडरचा दर धरूनच हिशेब करावा.

यंत्राची किंमत मालावर टाका

समजा, ओव्हन ९,००० रुपयांना घेतला आणि तो पाच वर्षे टिकला. महिन्याला २५ किलो माल काढला तर पाच वर्षांत १,५०० किलो होतात. यंत्राचा भार किलोमागे ६ रुपये. पण केवळ दोन ईदांना दहा-दहा किलो काढला तर पाच वर्षांत १०० किलोच होतात आणि भार पडतो किलोमागे ९० रुपये! अशा घराने बेकरीत मजुरी देऊन भाजून घेणेच फायद्याचे.

सर्वांत महाग वस्तू : वेळ

आता मूळ मुद्दा. चार किलो नानखटाई भाजण्यास वरच्या ओव्हनमध्ये सव्वातीन तास लागतात. पीठ मळणे, गोळे करणे, डबे भरणे मिळून पाच तास सहज जातात. सामानाच्या खर्चावर किलोमागे ३० रुपये चढवून माल विकला तर हाती १२० रुपये येतात. त्यातून विजेचे ३६ आणि यंत्राचे २४ वजा केले की उरतात ६० रुपये, म्हणजे तासाला १२ रुपये. एवढ्या मजुरीवर आपण परक्या कारागिराला कामावर बोलावू का? मग घरातल्या बाईची मेहनत फुकट का धरायची?

म्हणून ओव्हन निवडताना वॅटपेक्षा ट्रे मोजावेत. पंखा असलेला, एका वेळी दोन ट्रे घेणारा मोठा ओव्हन विजेत फारशी बचत करीत नाही. पण सव्वातीन तासांचे भाजणे निम्म्या वेळात उरकतो. नियमित ऑर्डरी असतील तर जादा किंमत तेथेच वसूल होते.

घेण्यापूर्वी

ओव्हनसाठी १६ अँपिअरचा सॉकेट व चांगले अर्थिंग हवे. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावू नये. स्वस्त ओव्हनचा थर्मोस्टॅट वीस-तीस अंशांनी चुकीचा असू शकतो, म्हणून आत ठेवायचा थर्मामीटर सोबत घ्यावा. माल विकायचा तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे. हप्त्यांवर घेताना 'बिनव्याजी' या शब्दावर थांबू नये. प्रक्रिया शुल्क, रोखीवरील सुटलेली सूट आणि हप्ता चुकल्यास लागणारे व्याज विचारावे. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांना घरची भिशी हा सोपा मार्ग आहे.

शेवटी एक वही घालावी. सामान, वीज, यंत्र, डबे आणि मेहनत असे पाच रकाने त्यात आखावेत आणि पाचही भरल्याशिवाय दर सांगू नये. माप पुरे द्यावे, तूप सांगितले तर तूपच घालावे, आणि दाम मागताना संकोच करू नये. गिऱ्हाइकाचा हक्क जसा आपल्यावर आहे, तसा मेहनत करणाऱ्या हातांचाही आहे.