बास स्पर्धेआधी बोट बघा!

अमेरिकेतल्या बास मासेमारीच्या स्पर्धांत सगळ्यांचं लक्ष गळाकडे, माझं बोटीकडे. आदल्या रात्री बॅटऱ्या चार्ज करा, ट्रेलरच्या टायरमधली हवा बघा आणि लाइव्हवेलचा, म्हणजे मासे ठेवायच्या टाकीचा, पंप चालवून पाहाच. वजन होईपर्यंत मासे त्याच टाकीत जिवंत राहायला हवेत, मेलेल्या माशामागे वजन कापतात. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, तेव्हा पंप बंद ठेवूच नका.

स्पर्धा एरी सरोवरात असेल तर लक्षात ठेवा, ते उथळ आहे, वारा सुटला की लाटा झपाट्याने उसळतात. लाट समोरून आली तर वेग कमी करा. मागून आली तर मोटर ट्रिम करून, म्हणजे तिचा कोन बदलून, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर ठेवा, नाहीतर ती पुढच्या लाटेत घुसते.

आणि किल स्विचची, म्हणजे चालक पडला तर मोटर बंद करणाऱ्या स्विचची, दोरी अंगाला अडकवाच! 26 फुटांहून लहान बोट वेगात हाकताना तो वापरणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने 2021 पासून सक्तीचं आहे.