जिभेचाही रोजा

रमजान महिन्यातील सहेरी, इफ्तार, तरावीह हे शब्द आता दुसरबीडसारख्या गावात सर्वांच्याच ओळखीचे आहेत. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य, एवढे तर शेजारच्या घरातील लहान मूलही सांगते. पण जो वाईट बोलणे सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणजे रोजा जिभेचाही असतो. तो कोठे मोडतो, ते पाहू.

लग्नाला पाच वर्षे झाली, मूल नाही, उपचार चालू आहेत. औषधांमुळे सुनेला रोजा ठेवता येत नाही. इफ्तारच्या वेळी कुणीतरी विचारते, "भाभी, रोजा नाही? काही गोड बातमी?" खरे सांगावे तर गावभर चर्चा, गप्प राहावे तर नवी अफवा. शेजारच्या हिंदू घरातील सुनेला हाच प्रश्न हळदीकुंकवात विचारला जातो. काही घरांत तर डोहाळजेवणाला तिला बोलावणेही टाळतात. कुणी 'बांझ' म्हणते, कुणी 'वांझोटी'. घाव सारखाच बसतो.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर डॉक्टर त्याला वंध्यत्व म्हणतात. जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी या अनुभवातून जावे लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितले. यात दोष पुरुषातही असू शकतो आणि पुष्कळदा असतो. पुरुषाची पहिली तपासणी सोपी असते. तरीही बाईच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या होऊन जातात आणि नवरा दवाखान्याच्या बाहेरच उभा राहतो. वर 'दुसरे लग्न कर' हा सल्ला आहेच. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंना मूल नव्हते. जोतीरावांनी दुसरे लग्न केले नाही. दोघांनी काशीबाई या विधवेच्या यशवंतला दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला.

मूल नसणे ही अल्लाहची नाराजी आहे, असे काहींना वाटते. कुरआनच्या सूरह शूरामध्ये मात्र सांगितले आहे, की अल्लाह कुणाला मुली देतो, कुणाला मुलगे, कुणाला दोन्ही, आणि कुणाला निःसंतान ठेवतो. तेथे दूषण कुणालाच दिलेले नाही. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांना मूल नव्हते. अरबांत स्त्रीला अपत्याच्या नावाने ओळखण्याची रीत होती. तेव्हा प्रेषितांनी त्यांना भाच्याच्या नावावरून 'उम्मे अब्दुल्लाह' म्हणजे अब्दुल्लाहची आई, हे नाव दिले. पुढे मोठमोठे विद्वान त्यांच्याकडे धर्माचे ज्ञान घेण्यासाठी येत.

आपल्या सिंदखेडराजा तालुक्याला तर ही वेदना परकी नाही. जिजाऊंचे सासरे मालोजीराजे आणि सासूबाई उमाबाई यांना बराच काळ मूल नव्हते. त्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यात नवस केला आणि पुढे झालेल्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. त्या नवसाची आठवण त्यांनी लपवली नाही, मुलांच्या नावातच जपली.

दुवा करावी आणि दवाही घ्यावी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, त्याला आता बराच काळ लोटला. पती-पत्नीपुरता मर्यादित असा हा उपचार जायज असल्याचा फतवा कैरोत 1980 मध्येच दिला गेला. पण प्रत्येक फेरीत यश येतेच असे नाही. जालना, छत्रपती संभाजीनगरच्या खेपा, बुडालेली मजुरी, वाढते कर्ज आणि गर्भ सोडल्यानंतर निकालाची सुमारे दोन आठवड्यांची वाट. निकाल 'नाही' आला, तर ते दुःख घरातल्या मौतीसारखे असते, फक्त भेटायला कुणी येत नाही. अशा वेळी मन कोसळत असेल तर 14416 या 'टेलिमानस'च्या मोफत क्रमांकावर रात्रीही बोलता येते. 2021 च्या कायद्याने अशा उपचार केंद्रांना नोंदणी आणि रुग्णांची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. यशाची शक्यता आणि खर्च आधीच विचारून घेणे हा जोडप्याचा हक्क आहे.

आजारी माणसाला रोजा सोडण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. राहिलेले रोजे नंतर ठेवता येतात. इंजेक्शनच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत आणि सासूबाईंनी सुनेच्या ताटाचा हिशोब मागू नये. नवऱ्याने दवाखान्यात सोबत जावे आणि चार माणसांत प्रश्न आला, की उत्तर स्वतः द्यावे.

ईदच्या दिवशी शिरखुर्मा घ्यायला सर्व धर्मांचे शेजारी येतील, मुले ईदी मागत फिरतील. त्या गर्दीत मूल नसलेले एखादे जोडपेही असेल. त्यांना वाटीभर शिरखुर्मा द्या, तब्येत विचारा, पिकापाण्याचे बोला. बाकी त्यांना सांगावेसे वाटेल तेव्हा ते सांगतील. अल्लाह त्यांच्या मनाला बळ देवो आणि आपल्या जिभेला संयम. आमीन.