तारेचे टोक

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरकडे जा, की घाटाखाली खामगाव-मलकापूरकडे जा. रब्बीच्या दिवसांत गहू-हरभऱ्याच्या शेतांतून विहिरीवरील विजेच्या पंपाचा आवाज कानी पडतोच. अशा वेळी मोटार जळाली, तर तिचे वाइंडिंग भरून येईपर्यंत दाण्यात आलेले पीक पाण्यावाचून राहते. या अनर्थाचे मूळ कित्येकदा तारेच्या एका टोकाशी असते!

पंपाला तीन फेजच्या तीन तारा जोडलेल्या असतात. त्यांपैकी एकीचा सांधा निखळला, तरी चालू मोटार बहुधा थांबत नाही. घोंघावत फिरत राहते. मात्र सारा भार उरलेल्या दोन तारांवर पडतो, वाइंडिंग तापत जाते आणि अखेर जळते.

तार स्क्रूभोवती नुसती गुंडाळली, तर तिचे बारीक पदर विस्कटतात. थोड्याच पदरांचा स्पर्श होतो. तेथे विजेला अडथळा होतो आणि सांधा तापतो. म्हणून जाणता वायरमन तारेच्या टोकास लग बसवितो. लग म्हणजे एका अंगास आखूड नळी व दुसऱ्या अंगास भोक असलेला धातूचा तुकडा. यालाच कोणी थिंबल म्हणतात.

तो साध्या पक्कडीने दाबला तर? नळी चपटी होते, पण आत पोकळी उरते. तीत हवा व ओलावा शिरून धातू खराब होतो. क्रिंपिंग पक्कडीच्या जबड्यात मापाच्या खाचा असतात. योग्य खाचेत नळी अशी आवळली जाते, की आतील गोल पदर एकमेकांवर दबून मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांसारखे बहुकोनी होतात. मग हवेला जागाच उरत नाही.

तार, लग आणि खाच या तिन्हींचे माप जुळलेच पाहिजे. प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या लगांत २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेस निळा, तर ४ ते ६ च्या तारेस पिवळा घेतात. तांब्याच्या तारेस तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तारेस अ‍ॅल्युमिनियमचा लग घ्यावा. पक्कड शक्यतो दातेरी अटकणीची असावी. पुरता दाब पडेपर्यंत ती उघडतच नाही. कारागीर थकला, तरी ती सवलत देत नाही, हाच तिचा मोठा गुण!

हे काम वीजपुरवठा बंद करून जाणत्यानेच करावयाचे. तुम्ही मात्र तारेच्या सुट्या तुकड्यावर ते करून पाहू शकाल. टोकाचे आवरण सोला; एकही पदर तुटू देऊ नका. सर्व पदर नळीत घालून दाबा आणि मग लग जोराने ओढून पाहा. निसटला, तर तेवढे टोक कापून नवा लग घ्या. एकदा दाबलेला लग पुन्हा कामास येत नाही.