विश्लेषण : ‘मास इफेक्ट’मधील उदिनावर विश्वास ठेवावा का?

उदिना कोण?
बायोवेअरच्या ‘मास इफेक्ट’ (२००७) या साय-फाय गेममध्ये डॉनेल उदिना हा ‘सिटाडेल’ या महाकाय अंतराळस्थानकावरील मानवांचा राजदूत. परग्रहवासीयांच्या सत्ताधारी परिषदेत मानवालाही जागा मिळावी, यासाठी त्याची धडपड सुरू असते.

संशय कशामुळे?
खेळाडूचे पात्र असलेल्या कमांडर शेपर्डची बाजू परिषदेपुढे आधी तोच मांडतो. परिषदेचा कल बदलताच शेपर्डचे ‘नॉर्मंडी’ यान अडकवतो, तेही तोच.

खेळाडूच्या हाती काय?
पहिल्या भागाअखेर परिषदेसाठी अँडरसन की उदिना, हे खेळाडू सुचवतो. मात्र अँडरसनला निवडले, तरी तिसऱ्या भागात (२०१२) त्या खुर्चीत उदिनाच दिसतो.

पुढे काय होते?
पृथ्वीवर ‘रीपर’ यंत्रांचे आक्रमण सुरू असताना उदिना ‘सर्बेरस’ या अतिरेकी संघटनेशी हातमिळवणी करतो. परिषदेविरुद्धचे त्यांचे बंड फसते.

मग विश्वास ठेवावा का?
उदिनाच्या तोंडी मानवहिताची भाषा कायम असते. बदलतात ते त्याचे साथीदार. त्यामुळे हित जुळते तोवर त्याच्याकडून काम करून घ्यावे, पण त्याच्याकडे पाठ करून उभे राहू नये!