राहत्या घरातील दुकान आणि जमीनवापराची परवानगी

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे देवळांचे गाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. तंजावरच्या मराठी राजवटीत अनेक महाराष्ट्रीय कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचा १८२८ मधील जन्म येथलाच. जुन्या गल्ल्यांतील घरांना रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे आपल्याकडील ओटा, असतो. अशा घराच्या पुढील खोलीत कोणी कॉफीच्या बिया भाजून, दळून विकण्याचे ठरविले, तर ते या गावाच्या लौकिकाला साजेसेच होईल. येथील ‘डिग्री कॉफी’ दक्षिणेत सर्वत्र नावाजलेली आहे. प्रश्न उद्भवतो तो कर्जाचा अर्ज बँकेत आल्यावर. घर निवासी भागात आहे. तेथे व्यवसाय कोणाच्या अनुमतीने चालणार?

तामिळनाडूत या विषयाचा मूळ आधार १९७१ चा नगर व ग्राम नियोजन कायदा हा आहे. त्यातील ‘विकास’ या शब्दाचा अर्थ केवळ बांधकाम असा नाही. विटेवर वीट न चढविता घराच्या वापरात महत्त्वाचा बदल केला, तरी तोही विकासच ठरतो आणि त्यास नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. मात्र निवासी विभाग म्हणजे तेथे व्यवसायाला पूर्ण मज्जाव, अशी समजूत करून घेण्याचेही कारण नाही. रहिवाशाचे स्वतःचे व्यावसायिक कार्यालय, शिंप्याचे दुकान, नित्योपयोगी वस्तूंचे छोटे दुकान अशा वापरांना मर्यादित प्रमाणात मुभा असते. राज्यभरासाठी २०१९ मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास व इमारत नियमांत याचा तपशील मिळतो. कॉफीची तयार पूड विकणे एक, आणि भट्टी व विजेची चक्की बसविणे दुसरे. म्हणून अर्जदाराने प्रथम तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात : दुकानाचे क्षेत्रफळ, यंत्राची अश्वशक्ती आणि समोरील रस्त्याची रुंदी.

नियमांत बसत नसेल तर? अमेरिकेत अशा वेळी नगरातील एक मंडळ, नियम तंतोतंत लावल्यास मालकावर अकारण संकट ओढवेल असे दिसल्यास, त्या एका भूखंडापुरती सूट देते. तामिळनाडूच्या कायद्यात असे मंडळ नाही. येथे कलम ३२ नुसार बृहत् आराखड्यातच फेरफार करून जमिनीचा वापर बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी सूचना प्रसिद्ध होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरकती मागविल्या जातात आणि मगच निर्णय होतो. कलम ११३ खाली राज्य शासनाला सूट देण्याचा अधिकार आहे. परंतु त्यावर भिस्त ठेवून यंत्रे खरेदी करणे शहाणपणाचे नव्हे.

हा सारा कागदी सोपस्कार आहे, असे कुंभकोणममध्ये तरी कोणी म्हणणार नाही. १६ जुलै २००४ रोजी येथील एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग झापांच्या छपराला भिडली आणि ९४ मुले दगावली. कोणत्या जागेत काय चालते आणि तेथून बाहेर पडण्यास वाट आहे काय, याची विचारपूस त्यानंतर या गावाला नव्याने शिकवावी लागली नाही.

ग्राहकांचा घोटाळा बहुधा दाखल्यांच्या बाबतीत होतो. महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना, उद्यम नोंदणी, व्यापारी दराची वीजजोडणी, शेजाऱ्यांचे संमतिपत्र हे सर्व आवश्यक असू शकते; पण यांपैकी एकानेही जमिनीचा वापर बदलत नाही. व्यापारी दराने कर भरला म्हणजे वापर अधिकृत झाला, हा समज तर फारच रूढ आहे.

बँकाही या नियमातून सुटलेल्या नाहीत. नोएडातील निवासी भागांत थाटलेल्या बँक शाखांना तेथे राहता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०११ मध्ये दिला. पुढे १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठ येथील निवासी भूखंडावर उभारलेल्या दुकानांच्या प्रकरणात न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश कायम केला. इमारत तारण ठेवून कर्ज देताना बँकांनी पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पडताळावा आणि अनधिकृत इमारतीत व्यवसायाचा परवाना देऊ नये, असेही त्या निकालात बजावले आहे. दुकाने वर्षानुवर्षे चालत होती, हा बचाव टिकला नाही.

आता शंभर वर्षांच्या वडिलोपार्जित घराला असा दाखला कोठून मिळणार, ही अडचण खरी आहे. लहान रकमेच्या कर्जाला घर तारण न घेता यंत्रसामग्रीवर भागविता येते. तथापि जागेचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. प्राधिकरणाने कलम ५६ खाली नोटीस काढून वापर थांबविला, तर चक्की शाबूत राहील, हप्त्याचे पैसे मात्र येणार नाहीत. म्हणूनच अर्जासोबत वापराच्या परवानगीची प्रत मागणारा शाखाधिकारी ग्राहकाची अडवणूक करीत नसतो. परवानगी यावयाची असल्यास मंजुरी त्या अटीवर देऊन रक्कम नंतर वितरित करता येते. यंत्राचे दरपत्रक तोपर्यंत शिळे झाले, तर नवे घ्यावे लागेल, एवढेच.