स्वस्तात कायेन? आधी हे वाचा

पोर्शने 2002 मध्ये कायेन टर्बो आणली, तेव्हा एसयूव्हीला 450 अश्वशक्तीचं व्ही-8 इंजिन म्हणजे अनेकांना निव्वळ आचरटपणा वाटला होता. अमेरिकेत सुमारे 89 हजार डॉलरला विकलेल्या या गाड्या आता साधारण दहाव्या हिश्श्यात मिळतात. घसारा पहिल्या मालकाने सोसला. सुटे भाग मात्र अजूनही 89 हजारांच्या गाडीचेच आहेत.

ठरलेलं दुखणं म्हणजे इनटेक मॅनिफोल्डखालचे कूलंटचे प्लास्टिक पाइप. उष्णतेने ते ठिसूळ होऊन फुटतात आणि गळती थेट स्टार्टरवर. ॲल्युमिनियमचे पाइप बसवलेत असं विक्रेता म्हणाला, तर बिल मागा. कार्डन शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर फाटलं की गाडीच्या पोटातून धडधड ऐकू येते. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी एखादा कोपरा खचलाय का, ते पाहा.

टाकी 100 लिटरची. शहरात लिटरला चार-पाच किलोमीटर. हिशेब तुम्हीच करा.

भारतात आणखी एक फटका आहे. 15 वर्षं झालेल्या आयात मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 पासून 40 हजार रुपये झालं (देशी मोटारीला 5 हजार). 20 वर्षांपुढच्या गाडीला 2025 मध्ये ते 80 हजारांवर गेलं.

खरेदीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढता येत नसेल, तर हा सौदा सोडा.