कोयत्याची परीक्षा

दोन कोयते शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच असतात. पण एक दोन हंगाम टिकतो आणि दुसऱ्याची धार आठ दिवसांत दुमडते, नाहीतर तिचा टवका उडतो. हा फरक विकत घेण्यापूर्वी ओळखता येतो काय? पडेगावात रस्त्याच्या कडेला भाता लावून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडे मी चार-पाच संध्याकाळी जाऊन बसलो, तो ह्याच प्रश्नासाठी. माझे आईवडील ऊसतोडीला जातात, त्यामुळे प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा नव्हता. ऊसतोडीच्या करारात नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. उचल आधीच घेतलेली असते आणि मजुरी टनावर मिळते. फडात कोयता मोडला तर दिवस बुडतो, उचल मात्र फिटायची तशीच राहते.

हे कारागीर बहुधा मालमोटारींचे जुने कमानपाटे वापरतात. पाटा हा असंख्य वेळा वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच बनवलेला असतो. त्याच्या पोलादात कार्बन शेकडा अर्ध्याच्या आसपास किंवा थोडा अधिक असतो, म्हणून त्याला ‘पाणी’ चढते. बांधकामाच्या सळईत कार्बन बराच कमी. तिचा कोयता स्वस्त पडतो, पण त्याची धार टिकत नाही.

खरी कसोटी पाणी देण्यात आहे. पाते लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवले की ते अतिशय कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा होतो आणि पाणी देण्यासाठी त्याच्याही थोडे वर जावे लागते. घिसाड्याजवळ मोजमापाचे यंत्र नसते. तो रंग पाहतो. तो फक्त धारेकडचा भाग बुडवतो, बाहेर काढून झटकन घासतो आणि वाट पाहतो. पाठीतली ऊब धारेकडे सरकू लागते. घासलेल्या जागी आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी ३०० अंशांच्या सुमारास निळा रंग येतो. हवा तो रंग दिसताच पाते पुन्हा पाण्यात जाते. ह्यात धारेचा कडकपणा थोडा कमी होतो आणि चिवटपणा येतो. सगळे काही क्षणांत घडते. ज्यांच्या नावाने आपण ‘घिसाडघाई’ म्हणतो, त्यांची घाई किती मोजून केलेली असते हे मला तेव्हा कळले.

आता परीक्षा. घण मारणाऱ्या मामींनी कोयता दोरीला टांगून त्यावर खिळ्याने टिचकी मारली. “आवाज ऐक, पोरा. फुटकं मडकं कोण घेतं का?” आवाज खणखणीत आला तर आत तडा नाही. परंतु माझ्या मते ही कसोटी अपुरी आहे, कारण मऊ पातेही छान वाजते. म्हणून दुसरी कसोटी कानशीची: धारेवर कानस घसरली तर पाते कडक, रुतली तर मऊ. तिसरी मला सर्वांत विश्वासाची वाटली. बाभळीच्या वाळक्या गाठीवर दहा-बारा घाव घालायचे आणि धार उजेडाकडे धरून पाहायची. धार दुमडली असेल तर पाणी कमी लागले. दाते पडले असतील तर जास्त.

गंमत अशी की १९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षाही ह्याच वळणाची आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने लोंबकळता दोर एका घावात तोडायचा, लाकडाची फळी दोनदा तोडायची, त्यानंतरही तिने हातावरची लव निघाली पाहिजे, आणि शेवटी तीच सुरी शेगड्यात धरून ९० अंशांत वाकवायची. मोडली की नापास. प्रयोगशाळेत रॉकवेल यंत्र हिऱ्याचे टोक दाबून कडकपणाचा आकडा देते, पण पाते मोडेल की नाही हे तो आकडा एकटा सांगत नाही.

अर्थात वाकवून पाहिलेला कोयता पुन्हा विकता येत नाही. म्हणून जाणते मुकादम एकाच पाट्याचे दहा-बारा कोयते घडवून घेतात आणि त्यांतला एक मोडून पाहतात. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाला हे परवडत नाही; त्याने बाभळीची गाठ सोबत न्यावी.

आणखी एक. चांगला कोयता पुष्कळदा पुढे पाजवताना बिघडतो. धार लावण्याच्या विजेच्या चाकावर तो कोरडाच धरला तर कड निळी पडते आणि तेवढ्या जागेचे पाणी उतरते. दर थोड्या वेळाने पाते पाण्यात बुडवायला सांगावे. कारागीर कुरकुरतो, पण बुडवतो.